भिंतीवरचा नकाशा आणि संगणकातील पाने

गडचिरोलीच्या एखाद्या जुन्या शाळेत भिंतीवर टांगलेला महाराष्ट्राचा नकाशा डोळ्यांपुढे आणा. तो १९८० च्या आधी छापलेला आहे, असे समजू. त्यात गडचिरोली नावाचा जिल्हा सापडणार नाही. वैनगंगेच्या दोन्ही तीरांवर पसरलेला एकच विस्तीर्ण चंद्रपूर जिल्हा त्यात दिसेल. २६ ऑगस्ट १९८२ रोजी या जिल्ह्याचे विभाजन झाले. गडचिरोली आणि सिरोंचा हे भाग वेगळे काढून नवा गडचिरोली जिल्हा तयार करण्यात आला. शासनाच्या दप्तरातील मूळ नोंद त्या दिवशी बदलली. पण भिंतीवरच्या नकाशाला ते कोणी सांगितले? कोणीच नाही. आदल्या दिवशी होता तसाच तो दुसऱ्या दिवशीही टांगलेला राहिला. कागद फाटला नव्हता, रंग उडाला नव्हता; तरी एका रात्रीत तो चुकीचा ठरला.

गंमत अशी, की गडचिरोली जिल्हा दाखवणारा नवा नकाशा आणला, तरी तोही फार दिवस टिकला नसता. १ मे १९९९ रोजी भंडारा जिल्ह्यातून गोंदिया जिल्हा वेगळा झाला आणि गडचिरोलीचा उत्तरेकडचा शेजारी बदलला. १ नोव्हेंबर २००० रोजी मध्य प्रदेशातून छत्तीसगड राज्य निघाले. पूर्वेकडचा शेजारी बदलला. २ जून २०१४ रोजी तेलंगण राज्य झाले आणि सिरोंच्याच्या पलीकडे, नदीच्या त्या तीरावर, आंध्र प्रदेशाऐवजी तेलंगण आले. या तिन्ही वेळी गडचिरोलीची स्वतःची जमीन जागच्या जागीच होती. तरी तिचा नकाशा तीनदा शिळा झाला.

शिळ्या नकाशाने काय बिघडते? परीक्षेत एखादा गुण जाईल, एवढेच ना? नाही. समजा, १९८२ नंतर सिरोंच्याचा एखादा शेतकरी जुन्या माहितीवर विसंबून जिल्हा कचेरीच्या कामासाठी चंद्रपूरला गेला. दिवसभर प्रवास करून तो तेथे पोचला आणि त्याला कळले, की आपले कागद आता गडचिरोलीला आहेत. त्याची मजुरी बुडाली, भाडे गेले, काम राहिले. चुकीची माहिती आणि कालची खरी माहिती यांत फरक करणे फार कठीण असते. कालची माहिती दिसायला अगदी खऱ्यासारखीच असते. म्हणूनच ती अधिक फसवी.

विद्यार्थी मित्रांनो, हाच पेच तुमच्या शाळेतील संगणकापुढे आणि घरातील मोबाइल फोनपुढे दर सेकंदाला हजारो वेळा उभा राहतो. जवळ ठेवलेली प्रत शिळी केव्हा झाली, ती कोणी काढायची, आणि काढताना कमीत कमी कष्ट कसे पडतील? या प्रश्नाचे उत्तर संगणकाने कसे शोधले आहे, ते आज पाहू.

प्रत जवळ का ठेवायची?

संगणकात माहिती दोन ठिकाणी असते. एक म्हणजे हार्ड डिस्क किंवा तिच्यासारखे कायमचे साठवण. वीज गेली तरी तेथील माहिती राहते. पण ती काढून आणायला वेळ लागतो. दुसरे ठिकाण म्हणजे स्मृती, जिला आपण रॅम म्हणतो. ती अतिशय चपळ, पण वीज गेली की कोरी.

या दोघांच्या वेगातील अंतर किती? स्मृतीतून माहिती मिळवायला सुमारे १०० नॅनोसेकंद लागतात. एक नॅनोसेकंद म्हणजे सेकंदाचा अब्जावा भाग. फिरत्या तबकडीच्या हार्ड डिस्कला त्याच कामासाठी सुमारे १० मिलिसेकंद, म्हणजे एक लाख पट वेळ लागतो. हे अंतर असे आकड्यांत नीट कळत नाही. म्हणून ते आपल्या मापात आणू. स्मृतीला एक सेकंद लागतो असे मानले, तर हार्ड डिस्कला एक लाख सेकंद, म्हणजे जवळजवळ २८ तास लागतील. हातातल्या वहीत पाहणे आणि तेच पाहण्यासाठी नागपूरला जाऊन दुसऱ्या दिवशी परत येणे, असा हा फरक आहे. अलीकडच्या एसएसडी साठवणीत फिरणारी तबकडी नसते. ती पुष्कळ वेगवान आहे. तरी आपल्या मापात तिलाही पंधरा-वीस मिनिटे लागतील.

म्हणून संगणक एक शहाणपणा करतो. डिस्कवरून एकदा आणलेली माहिती तो लगेच टाकून देत नाही. तिची प्रत स्मृतीतच ठेवतो. पुन्हा मागणी आली की डिस्ककडे न जाता तेथूनच देतो. हे काम ऑपरेटिंग सिस्टिमच्या अगदी आतल्या भागाकडे, म्हणजे कर्नलकडे असते. कर्नल म्हणजे गाभा. लिनस टोर्वाल्ड्स या फिनलंडमधील विद्यार्थ्याने १९९१ मध्ये लिहायला घेतलेला लिनक्स हा असाच एक कर्नल आहे. अँड्रॉइड फोनच्या आतही तोच काम करतो. त्याचा सारा मजकूर कोणालाही वाचायला खुला असल्यामुळे आपणही त्याचेच उदाहरण घेऊ.

कर्नल माहितीचे सारखे तुकडे पाडतो. अशा एका तुकड्याला पान म्हणतात. बहुतेक संगणकांत एक पान ४,०९६ बाइटांचे असते. मराठीतील एका अक्षरचिन्हाला सामान्यतः ३ बाइट लागतात. म्हणजे एका पानात आपली सुमारे १,३६५ चिन्हे मावतात. स्मृतीत जपून ठेवलेल्या अशा पानांच्या साठ्याला पेज कॅश म्हणतात. आपण त्याला पानांचा साठा म्हणू.

कर्नल तर मागणी येण्याआधीच पाने आणून ठेवतो. तुम्ही एखादी फाइल ओळीने वाचू लागलात, की पुढची पाने लागणार हे तो ओळखतो. भामरागडकडे पाहा. पर्लकोटा नदीच्या पुराने या गावाचा संपर्क अनेक पावसाळ्यांत तुटलेला आहे. म्हणून अशा दुर्गम भागात पावसाळ्याआधीच धान्य पोचवून ठेवतात. पूर आल्यावर गाडी काढण्यात अर्थ नसतो. कर्नलचे आगाऊ वाचनही याच विचाराचे आहे.

प्रत केव्हा मूळ होते?

आतापर्यंत आपण वाचण्याचा विचार केला. आता लिहिण्याचा करू. तुम्ही फाइलमध्ये काही बदल करून ती जपून ठेवण्याची आज्ञा दिलीत, तरी तो बदल त्याच क्षणी डिस्कवर जातोच असे नाही. कर्नल आधी तो स्मृतीतल्या पानावर करतो आणि त्या पानावर एक खूण करतो. अशा पानाला डर्टी पेज म्हणतात. आपण त्याला न उतरवलेले पान म्हणू. पुढे सवडीने अशी पुष्कळ पाने गोळा करून कर्नल ती एकदम डिस्कवर उतरवतो. लिनक्समध्ये नेहमीच्या मांडणीनुसार दर ५ सेकंदांनी एक फेरी होते आणि ३० सेकंदांहून जुनी झालेली न उतरवलेली पाने लिहायला घेतली जातात.

या दोन प्रकारच्या पानांतील भेद नीट लक्षात घ्या. कारण पुढचे सारे त्यावर उभे आहे. उतरवलेले पान ही नुसती प्रत असते. ती टाकली तरी मूळ डिस्कवर आहे. फार तर पुन्हा आणण्याचा वेळ जाईल. न उतरवलेल्या पानाचे तसे नाही. त्या घडीला डिस्कवरची माहिती जुनी असते आणि खरी माहिती केवळ त्या पानावर असते. म्हणजे तेवढ्यापुरती प्रतच मूळ झालेली असते. ते पान टाकले, तर माहिती कायमची गेली.

याचे उदाहरण ताडोबा-अंधारीसारख्या व्याघ्र प्रकल्पात सापडते. वाघांच्या जंगलातील गस्तीसाठी २०१० पासून एम-स्ट्राइप्स नावाची पद्धत वापरात आली. वनरक्षक चालताना दिसलेल्या खुणा, प्राण्यांच्या नोंदी आणि आपला मार्ग फोनवर नोंदवतो. जंगलात सगळीकडे फोनचे जाळे पोचत नाही. म्हणून नोंदी आधी फोनमध्येच राहतात आणि नंतर कार्यालयाकडे जातात. गस्त संपवून तो परत येईपर्यंत त्या दिवसाच्या जंगलाची खरी नोंद कार्यालयात नसते, ती त्याच्या खिशात असते. तो फोन नदीत पडला तर?

पेन ड्राइव्ह झटकन ओढून काढू नका, आधी संगणकाला तसे सांगा, असे शिक्षक वारंवार का बजावतात, हे आता कळेल. पडद्यावर फाइल दिसत असते, पण तिची काही पाने अजून पेन ड्राइव्हवर उतरलेली नसण्याची शक्यता असते. साऱ्या वर्गाचे गुण भरलेली फाइल अशा घाईपायी अर्धवट राहू शकते. वीज अचानक गेली तरी तेच होते. ज्या आज्ञावलीला एक क्षणही धोका पत्करायचा नसतो, उदाहरणार्थ बँकेच्या हिशेबाची, ती कर्नलला स्पष्ट सांगते, “हे पान आत्ताच उतरव, आणि उतरल्यावरच मला होकार दे.”

पाने शिळी कशी होतात?

साठ्यातील पान काढण्याची कारणे दोन. पहिले म्हणजे जागेची टंचाई. स्मृती भरली, की बऱ्याच दिवसांत कोणी न मागितलेली पाने कर्नल काढून टाकतो. ती पाने खोटी नसतात. फक्त अडगळ झालेली असतात. दुसरे कारण म्हणजे पान खोटे ठरणे. आपल्याला या दुसऱ्या प्रकारात रस आहे. तो तीन वाटांनी घडतो.

एक, फाइल पुसली जाते किंवा तिचा शेवटचा भाग छाटला जातो. आता त्या भागाची पाने ठेवण्यात अर्थ नाही. येथे न उतरवलेली पानेही बिनदिक्कत टाकता येतात. कारण मालकानेच ती नको म्हटले आहे.

दोन, एखादी आज्ञावली साठ्याला वळसा घालून थेट डिस्कवर लिहिते. मोठमोठे माहितीकोश सांभाळणाऱ्या आज्ञावल्या असे करतात. कारण त्यांचा स्वतःचा वेगळा साठा असतो. डिस्कवर नवे आले, पण कर्नलच्या साठ्यात जुनेच राहिले, तर दुसऱ्या कोणाला शिळे पान मिळेल. येथे कर्नल कशी खबरदारी घेतो पाहा. थेट लिहिण्याआधी तो त्या टापूतील न उतरवलेली पाने उतरवून घेतो आणि साठ्यातून काढतो. मग लिहू देतो. लिहून झाल्यावर तो पुन्हा एकदा तोच टापू तपासून पाने काढतो. दोनदा का? मधल्या वेळेत दुसऱ्या कोणी तो भाग वाचायला घेतला असेल, तर जुने पान पुन्हा साठ्यात येऊन बसलेले असते.

तीन, फाइल आपल्या संगणकावर नसतेच. ती दुसऱ्या गावच्या संगणकावर असते आणि तेथे ती तिसराच कोणी बदलतो. हा प्रकार भिंतीवरच्या नकाशासारखा आहे. त्याच्याकडे आपण शेवटी येऊ.

सगळेच फाडून टाकले तर?

काही शिळे झाले असे कळताच सारा साठाच रिकामा केला, तर चूक होण्याचा प्रश्नच राहणार नाही. लिनक्समध्ये उतरवलेली सारी पाने काढून टाकण्याची एक आज्ञाही आहे; पण ती चाचण्यांसाठी आहे, रोजच्या वापरासाठी नाही. का, ते हिशेबाने पाहू.

समजा, एका १ गिगाबाइटच्या फाइलची सर्व पाने साठ्यात आहेत. त्यांची संख्या २,६२,१४४ होते. त्यातली १० पाने शिळी झाली. नेमकी तीच काढली, तर हार्ड डिस्कवरून १० पाने पुन्हा आणायला प्रत्येकी १० मिलिसेकंद धरून सेकंदाचा दहावा भाग लागेल. सगळी काढली आणि सगळी पुन्हा लागली, तर सेकंदाला १०० मेगाबाइट या वेगाने, तीही सलग वाचता आली तर, दहा सेकंद लागतील. म्हणजे शंभर पट. १९८२ साली ब्रह्मपुरी किंवा वरोरा चंद्रपुरातच राहिले होते. जिल्हा विभागला म्हणून त्या गावांचेही कागद जाळून पुन्हा लिहायला कोणी सांगितले असते का? बदल जेवढ्या भागात झाला, तेवढीच पाने काढायची. पण त्यासाठी आधी ती सापडली पाहिजेत.

शोधण्याची युक्ती

अडीच लाखांहून अधिक पानांतून हवे ते पान कसे शोधायचे? एकेक पाहत गेलो, तर शोधण्यातच वेळ जाईल. म्हणून कर्नल प्रत्येक फाइलच्या पानांची मांडणी झाडासारखी करतो. मुळाशी ६४ खाने. प्रत्येक खान्यातून एक फांदी निघते, तिला पुन्हा ६४ खाने. त्यातील प्रत्येकातून आणखी एक फांदी, तिलाही ६४ खाने. आणि त्या खान्यांत पाने. आता गुणाकार करा. ६४ × ६४ × ६४ = २,६२,१४४. म्हणजे नेमकी आपली १ गिगाबाइटची फाइल! तिच्यातील कोणतेही पान केवळ तीन पायऱ्यांत सापडते. जिल्हा, तालुका, गाव असा पत्ता वाचत पोस्टमन पोचतो, तसाच हा प्रकार.

या झाडात आणखी एक सोय आहे. एखादे पान न उतरवलेले असेल, तर त्याची खूण केवळ त्या पानावर न करता त्याच्या फांदीवर, तिच्या वरच्या फांदीवर आणि थेट मुळापर्यंत करतात. त्यामुळे ज्या फांदीवर खूण नाही, तिच्या खालच्या हजारो पानांकडे पाहावेच लागत नाही. आणि साठ्यात त्या फाइलचे एकही पान नसेल, तर कर्नल शोध सुरूच करत नाही. न करावे लागलेले काम हे सर्वांत वेगाने झालेले काम असते!

एकेक नको, पुडे बांधा

पाने सापडली, आता ती काढायची. येथे दुसरा खर्च समोर येतो. आजच्या संगणकात एकाच वेळी काम करणारे अनेक प्रक्रियक असतात. त्यांना कोअर म्हणतात. दोघांनी एकदम झाडाला हात घातला तर घोटाळा होईल. म्हणून फेरबदल करणारा आधी झाडाला कुलूप लावतो, काम करतो आणि कुलूप काढतो. हजार पाने काढायला हजारदा कुलूप लावायचे आणि काढायचे म्हटले, तर कामापेक्षा कुलपाचाच खटाटोप जास्त.

उन्हाळ्यात गडचिरोलीच्या जंगलात तेंदूपत्त्याचे संकलन चालते ते आठवा. पाने एकेक मोजून कोणी देत नाही. साधारण ७० पानांचा एक पुडा बांधतात आणि हिशेब पुड्यांचा होतो. कर्नलही पाने हातात घेताना गठ्ठा करतो. लिनक्समध्ये बरीच वर्षे हा गठ्ठा १५ पानांचा होता. हजार पानांना आता हजाराऐवजी ६७ वेळाच कुलूप लावावे लागते.

यापुढचा खर्च याहून मोठा आहे. काही आज्ञावल्या साठ्यातील पाने थेट आपल्याच वहीचा भाग असल्यासारखी वापरतात. अशा वेळी प्रत्येक कोअर आपल्याजवळ एक छोटी टाचणवही ठेवतो: अमुक पान स्मृतीत अमुक ठिकाणी आहे. ते पान काढायचे असेल, तर प्रत्येक कोअरला हातातले काम थांबवून सांगावे लागते, “तुझ्या टाचणवहीतील ही ओळ खोड,” आणि त्यांचा होकार येईपर्यंत थांबावे लागते. समजा कोअर आठ आहेत. एक काम करतो आणि उरलेल्या सातांना निरोप धाडतो. हजार पानांसाठी दर पानाला निरोप पाठवला, तर ७,००० निरोप होतील. त्याऐवजी काढायचा सारा टापू एकदम ठरवून “येथून तेथपर्यंतच्या सर्व ओळी खोडा” असे एकदाच सांगितले, तर सात निरोपांत काम होते.

गठ्ठ्याची ही कल्पना पुढे आणखी वाढली. शेजारशेजारची पाने कायमची एकत्र बांधून त्यांना एकच वस्तू मानायचे, असे ठरले. तिला फोलिओ हे नाव मिळाले. मॅथ्यू विल्कॉक्स यांच्या पुढाकाराने झालेले हे काम लिनक्सच्या जानेवारी २०२२ मधील आवृत्तीपासून त्यात आले. सोळा पानांचा एक फोलिओ असेल, तर कुलूप एक, खूण एक, नोंद एक. अर्थात याला किंमत आहे. मोठ्या गठ्ठ्यातील एकच पान बाद झाले तर काय करायचे? गठ्ठा सोडायचा, की सगळाच टाकायचा? पुडा किती मोठा बांधावा याचे एकच उत्तर नाही. काम पाहून ते ठरवावे लागते.

क्रम चुकला तर

वेगाच्या नादात एक गोष्ट विसरून चालत नाही, ती म्हणजे क्रम. फाइलचा शेवटचा भाग छाटायचा असेल, तर कर्नल आधी फाइलची नवी लांबी नोंदवतो, म्हणजे पलीकडचे कोणी मागणार नाही. मग टाचणवह्यांतील ओळी खोडतो, साठ्यातून पाने काढतो आणि अगदी शेवटी डिस्कवरची जागा मोकळी करतो.

हा क्रम उलटा केला तर? डिस्कवरची जागा आधी मोकळी झाली आणि ती लगेच दुसऱ्या फाइलला मिळाली. इकडे साठ्यात पहिल्या फाइलचे न उतरवलेले पान अजून शिल्लक आहे. तीस सेकंदांनी फेरी आली आणि ते जुने पान जुन्याच ठिकाणी, म्हणजे आता दुसऱ्याच्या जागेवर लिहिले गेले! एकाच्या कागदावर दुसऱ्याचा मजकूर. आणि ही चूक त्या वेळी कोणाच्या लक्षातही येणार नाही.

आणखी एक धोका म्हणजे काढलेले पान मागच्या दाराने परत येण्याचा. सकाळी सर्व वर्गांतील जुने नकाशे उतरवले आणि दुपारी कोणी कोठीतून जुनाच नकाशा आणून पुन्हा टांगला, तर सकाळचे श्रम वाया. म्हणून डिस्कवरची जागा मोकळी करण्याचे काम पूर्ण होईपर्यंत त्या फाइलची नवी पाने आत येऊ नयेत, यासाठी लिनक्समध्ये २०२१ साली एक खास कुलूप समान रीतीने सर्वांसाठी उपलब्ध करण्यात आले. थोडा वेळ वाचकांना थांबावे लागते. पण शिळे मिळण्यापेक्षा थांबणे बरे.

दूरच्या प्रतींचे काय?

आता तिसरा प्रकार. मूळ फाइल एका दूरच्या संगणकावर आहे आणि तिच्या प्रती गावोगावच्या संगणकांत आहेत. मूळ बदलले हे प्रतींना कसे कळायचे? याला तीन उत्तरे आहेत.

पहिले, प्रत ठेवणाऱ्याने विचारत राहावे. सन मायक्रोसिस्टिम्स या कंपनीने १९८४ मध्ये आणलेल्या एनएफएस या पद्धतीत हेच होते. फाइल शेवटची केव्हा बदलली, एवढेच संगणक विचारतो. वेळ तीच असेल, तर साठ्यातील पाने चांगली. बदलली असेल, तर बाद. दर क्षणी विचारले तर साठा ठेवण्याचा लाभच जातो. म्हणून एकदा विचारल्यावर नेहमीच्या मांडणीत ३ ते ६० सेकंद पुन्हा विचारत नाहीत. मात्र तेवढा वेळ शिळे मिळण्याची शक्यता राहते. फाइल नव्याने उघडताना मात्र विचारलेच जाते.

दुसरे, मूळ ठेवणाऱ्याने कळवावे. प्रती कोणाकोणाकडे आहेत याची यादी त्याने ठेवायची आणि बदल होताच निरोप धाडायचा. हे उत्तम, पण निरोप पोचला नाही तर? भामरागडचा रस्ता पुराने तुटला असेल, तर गडचिरोलीहून निघालेला निरोप वाटेत अडकतो आणि पलीकडचा माणूस जुन्या कागदावर निर्धास्तपणे काम करत राहतो.

तिसरे उत्तर या दोहोंतून निघाले. केरी ग्रे आणि डेव्हिड चेरिटन यांनी १९८९ मध्ये ते नीट मांडले. प्रत देतानाच तिच्यावर मुदत घालायची: “ही प्रत अमुक वेळेपर्यंत खरी. तोवर मी तुला कळवल्याशिवाय मूळ बदलणार नाही. त्यानंतर मला पुन्हा विचार.” निरोप पोचला नाही, तरी मुदत संपताच प्रत आपोआप बाद होते, आणि मूळ ठेवणाऱ्यालाही फार तर तेवढाच वेळ थांबावे लागते. भिंतीवरच्या नकाशावर “३१ डिसेंबरनंतर पुन्हा तपासून पाहा” असे छापलेले असते, तर त्याने पुढच्या पिढीला फसवले नसते.

करून पाहा

तुमच्या वर्गात एक खेळ करता येईल. शिक्षकांच्या मेजावरील वेळापत्रक हे मूळ. दहा विद्यार्थ्यांनी त्याची प्रत आपल्या वहीत घ्यावी. मग शिक्षकांनी मूळ वेळापत्रकातील एकच तास बदलावा. पहिल्या फेरीत सर्वांनी जुनी प्रत टाकून सगळे वेळापत्रक पुन्हा उतरवावे. दुसऱ्या फेरीत फक्त बदललेला तास सांगावा. तिसऱ्या फेरीत कोणीच काही सांगू नये. दर पाच मिनिटांनी एकेकाने येऊन विचारावे. प्रत्येक वेळी किती मिनिटे लागली आणि किती जण किती वेळ जुन्या वेळापत्रकावर राहिले, हे लिहून काढा. तिन्ही आकडे शेजारी मांडले, की संगणकाच्या गाभ्यात काम करणाऱ्यांपुढचे कोडे तुमच्या वहीत उतरलेले दिसेल.

आणि शाळेतील नकाशे एकदा उतरवून त्यांच्या कोपऱ्यात छापलेले वर्ष पाहा. १९८२, १९९९, २००० आणि २०१४ या चार वर्षांपैकी कोणकोणते बदल त्यांत आलेले नाहीत, ते शोधा. मात्र जुना नकाशा फाडू नका. संगणक शिळे पान टाकून देतो, कारण त्याला आजचे काम आजच्या माहितीवर करायचे असते. आपल्याला काल कसा होता हेही जाणून घ्यायचे असते. नकाशाच्या कोपऱ्यात फक्त एक चिठ्ठी लावा: हा अमुक सालापर्यंतच खरा.